तिचं नाव काय म्हणालीस?

आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिलच्या अखेरीस झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या, कुठल्या वेळी कुठला थेंब घालायचा त्याचा तक्ता लिहून दिला आणि डोळ्याला ताण नको म्हणून काही दिवस वाचन बंद, असं सांगितलं. पहिल्या तिन्ही गोष्टी तिनं निमूट ऐकल्या. चौथी ऐकल्यावर घरी येईपर्यंत रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. आत्या म्हणजे शेंगांच्या पुडीचा कागदसुद्धा सुरकुत्या काढून वाचल्याशिवाय न टाकणारी बाई. दुपारी बाहेर सोलापूरचं ऊन नुसतं रटरटत असायचं, कूलरमधून गरम वारा यायचा, आणि ती भिंतीला टेकून, मांडीवर हात ठेवून बसलेली. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "तू काय तरी वाचत असतेस की रात्रभर. ते सांग की मला." म्हणून मी रोज बँकेतून सुटल्यावर तिच्याकडे जाऊ लागले. जेवण झालं की आम्ही माळवदावर चटया टाकायचो, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचो आणि मी तिला माझ्या इंग्रजी खुनाच्या कादंबऱ्या मराठीत सांगायचे.

पहिली जी सांगितली तिचं नाव मी इथे घेत नाही. गेल्या वर्षी जो तो तिच्याबद्दल बोलत होता, मीही चौघांना ती वाचायला लावली होती. पाच मुलींचे खून, एक खचलेला पोलीस अधिकारी, पानोपानी कलाटणी. तीन रात्री पुरली. मी अगदी रंगात येऊन सांगत होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला जमतं असं माझ्या लक्षात येत होतं. तिसऱ्या रात्री खुनी कोण ते सांगितलं आणि आत्या आता काय म्हणते म्हणून वाट पाहत राहिले. काळा चष्मा काढून ती आभाळाकडे बघत पडली होती. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "आणि ती पहिली पोरगी? तिच्यापासून सुरू झालं ना सगळं. तिचं नाव काय म्हणालीस?"

मला आठवेना. अधिकाऱ्याचं नाव आठवत होतं, त्याला सोडून गेलेल्या बायकोचं आठवत होतं, त्याच्या कुत्र्याचंही आठवत होतं. खुन्याचं खरं नाव आणि खोटं नाव दोन्ही पाठ. त्या मुलीच्या अंगावर हिरवा कोट होता हे आठवत होतं, तिला कसं मारलं हे तर मी तिसऱ्या रात्रीही पुन्हा एकदा सांगितलं होतं. नाव नाही. "मी सांगितलंच नसेल बहुतेक," मी म्हणाले. "सांगितलं नाहीस की आठवेना?" "आठवेना." "बरं," म्हणून ती कुशीवर वळली.

त्या 'बरं'नंतर मला झोप लागली नाही.

चटईवर पडल्या पडल्याच मोबाईलवर ते पुस्तक उघडून शोधलं. नाव होतं. दुसऱ्याच पानावर, पूर्ण, आडनावासकट. पुढे मात्र ती मुलगी नुसती 'पहिली' झाली होती. पहिलीचा फोटो, पहिलीच्या नखांखालची माती, पहिलीची जागा. म्हणजे दोष अर्धा लेखकाचा होता म्हणायचा. पण अर्धा माझाच, कारण मी ते पुस्तक आवडीनं, रात्री जागून, एक पानही न सोडता वाचलं होतं.

हे मला इतकं लागायचं कारण असं, की पुस्तकं सुचवणं हा माझ्या जगण्यातला एक मोठा भाग आहे. शाखेत, नात्यात, कॉलनीत सगळ्यांना माहीत असतं की हिला विचारायचं. सुट्टीच्या तोंडावर, सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन झालं की कोणी ना कोणी काउंटरवर वाकून विचारतंच, "मॅडम, काहीतरी सुचवा. खुनाचं असलं तर उत्तम, फार लांबण नको." मी सुचवते. आजवर सुचवायची माझी एकच रीत होती. शेवट असा आहे ना, तुम्हाला शेवटच्या दहा पानांपर्यंत पत्ता लागणार नाही. एवढं म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकायचे. इतक्या वर्षांत मी कुणाला एकदाही म्हटलेलं नाही, की या पुस्तकात एक मुलगी आहे, ती अशी अशी होती, तिच्यासाठी हे वाचा.

ही सवय कुठून लागली असेल, याचा विचार करताना मला आमच्या गल्लीच्या टोकाची, महिन्याची वर्गणी घेऊन पुस्तकं देणारी लायब्ररी आठवली. अरुंद दुकान, मध्ये टेबल, मागे छपरापर्यंत पुस्तकं, खाकी कागदाची कव्हरं आणि त्यांच्यावर जांभळ्या शाईचे नंबर. डिंकाचा आणि वाळवीच्या पावडरीचा मिसळलेला वास. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही तेवढ्याच मोठ्या संख्येनं लिहिल्या, आणि त्यातल्या जेवढ्या त्या दुकानात मावल्या तेवढ्या माझ्या आधी आत्यानं वाचल्या होत्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं मला तिच्याच तोंडून आधी कळली. त्या पुस्तकांमध्ये एक दुष्टपणा हमखास सापडायचा. आधीच्या कुणा वाचकानं पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं. मी रडकुंडीला यायचे तेव्हा. आत्या खोडरबरानं ते नाव खोडायची, पण दाबून लिहिलेलं असलं की कागदावर त्याचा वण राहायचाच, आणि उजेडात तिरका धरला की वाचता यायचा. माझ्यासाठी पुस्तक म्हणजे ते एक नाव, आणि ते नाव कळू न देणं म्हणजे पुस्तकाचा मान राखणं, हे तेव्हाच मनात पक्कं बसलं असावं.

चौथ्या रात्री मी दुसरी कादंबरी काढली, जेन हार्परची 'द ड्राय'. 2016 साली आलेली, ऑस्ट्रेलियातल्या एका शेतीच्या गावातली. या वेळी सुरुवातीलाच सांगितलं. मेलेत तिघं. ल्यूक, त्याची बायको करेन आणि त्यांचा लहानगा मुलगा बिली. तेरा महिन्यांची एक मुलगी तेवढी वाचली आहे. "तिचं नाव?" शार्लट, मी लगेच म्हणाले, कारण दुपारी बँकेत डबा खाताना पाहूनच ठेवलं होतं. गावात दोन वर्षं पाऊस नाही. जमिनीला भेगा, जनावरं विकायची पाळी आलेली, कर्जं थकलेली. सगळ्या गावानं ठरवून टाकलंय की दुष्काळानं ल्यूकचं डोकं फिरलं, त्यानं बायकोला आणि पोराला गोळी घातली आणि मग स्वतःला. शहरातून आलेला त्याचा लहानपणीचा मित्र फाल्क, हा पोलीसच आहे, पण पैशांच्या अफरातफरीचे गुन्हे शोधणारा. वीस वर्षांपूर्वी याच गावात एली डीकन नावाची त्यांची मैत्रीण नदीत बुडालेली सापडली होती आणि तेव्हा संशय याच्यावर आला होता. फाल्क त्या नदीवर जातो, तर नदीच नाही. नुसतं कोरडं पात्र.

इथे आत्या उठून बसली. "पाणीच नाही?" "थेंब नाही." ती जरा थांबून म्हणाली, "उजनी खाली गेली की पळसदेवचं देऊळ वर येतं बघ तसं." मला पुढचं सांगायची घाई होती, पण तिची नजर त्या कोरड्या पात्रातून हलायला तयार नव्हती. खालच्या मजल्यावरच्या बाई नळाला पाणी कधी येणार म्हणून जिन्यातून विचारून गेल्या. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, रात्री अपरात्री, त्यासाठी निम्मी गल्ली जागी असते. कुठेतरी रिकामी घागर फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मी ही कादंबरी दोनदा वाचली होती, पण त्या आवाजाइतकं जवळून ते गाव मला तोवर दिसलं नव्हतं. तेव्हापासून मी ही कादंबरी सांगताना शेवटाचा उल्लेखच करत नाही. मे महिन्यात सोलापुरात एकदा राहिला असाल तर वाचा, एवढंच म्हणते.

मग केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. जपानमध्ये 2005 साली आलेली आणि तिथला मानाचा नाओकी पुरस्कार मिळालेली. खून सुरुवातीच्या पानांतच आपल्या डोळ्यांदेखत होतो, कोणी केला हेही आपल्याला माहीत असतं. जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको, छळणारा घटस्फोटित नवरा, आणि शेजारी राहणारा, तिच्यावर मनातल्या मनात जीव टाकणारा गणिताचा शिक्षक इशिगामी. तो तिला वाचवायला निघतो. आत्याला दुकानातल्या डब्यात काय काय असतं ते ऐकायचं होतं. मेलेल्या नवऱ्याबद्दल ती म्हणाली, "मेला ते बरं झालं असं वाटलं ना गं तुला? मलापण वाटलं. हे काय चांगलं नाही." या कादंबरीची उकल मी इथे फोडणार नाही. फक्त एक सांगते. अगदी पहिल्या प्रकरणात इशिगामी शाळेला निघतो तेव्हा नदीकाठी निळ्या ताडपत्र्यांच्या झोपड्यांत राहणाऱ्या बेघर माणसांच्या जवळून चालत जातो. पहिल्यांदा वाचताना मी ते पान वातावरणनिर्मिती म्हणून भरभर उलटलं होतं. तुम्ही तसं करू नका. आत्यासाठी हे पुस्तक पुन्हा चाळताना त्या पानावर आले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. शेवट तिला सांगितला त्या रात्री ती काही विचारेल म्हणून मी थांबले होते. तिनं विचारलं नाही. नुसता माझा हात धरला आणि तांब्यातलं पाणी मागितलं.

मध्येच एकदा खून बाजूला ठेवून मी क्लेअर कीगनचं 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' सांगितलं. छोटंसं आहे, एका रात्रीत झालं. आयर्लंडमधलं गाव, 1985 सालचा नाताळ, बिल फर्लाँग नावाचा कोळसा विकणारा सरळमार्गी माणूस. कॉन्व्हेंटमध्ये कोळसा टाकायला गेल्यावर त्याला कोळशाच्या खोलीत कोंडलेली एक मुलगी सापडते. नाव विचारल्यावर ती सांगते की इथे तिला एन्डा म्हणतात, पण तिचं खरं नाव सारा आहे. अशा धुलाईघरांमध्ये मुलींना ठेवून राबवून घेणं आयर्लंडमध्ये खरंच चालायचं, शेवटचं बंद व्हायला 1996 साल उजाडलं. मी हे सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "नाव बदलून टाकलं म्हणजे घरचे शोधत आले तरी सापडायला नको." हा अर्थ मला सुचला नव्हता. मी त्यात नुसती क्रूर शिस्त पाहिली होती.

त्याच रात्री तिनं मला तिची गोष्ट सांगितली.

लग्नाआधी आत्या पूर्व भागात एका मागाच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची. हे मला माहीत होतं. तिच्या शेजारच्या चरख्यावर एक तेलुगू मुलगी बसायची हे माहीत नव्हतं. दोघी एका डब्यात खायच्या. आत्याकडची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, तिच्याकडचा चिंचेचा आंबटढाण सार आणि भात. एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारी तलावाच्या काठावर चपला सापडल्या. पेपरात तीन ओळी आल्या, अनोळखी तरुणीचे प्रेत. "अनोळखी," आत्या म्हणाली, "आम्ही सगळ्या ओळखत होतो की तिला." पुढे महिनाभर कारखान्यात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे प्रेमप्रकरण, कोणी म्हणे सावत्र आईनं, कोणी म्हणे तिला कुणीतरी ढकललं. "आणि मीपण सांगायचे. तिखटमीठ लावून सांगायचे बघ. मी तिच्या शेजारी बसत होते ना, म्हणून सगळ्या मलाच विचारायच्या. मला बरं वाटायचं." असं सांगत सांगत वर्षं गेली. एकदा माझ्या वडिलांना ती हकिकत सांगत होती, तर त्यांनी सहज नाव विचारलं. आत्याला आठवेना. दोन दिवस आठवलं नाही. चपला आठवत होत्या, त्यांचा तुटलेला अंगठा आठवत होता, लोक काय काय म्हणाले ते आठवत होतं. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा बोळातून जाताना घरातून चरख्याचा आवाज आला आणि नाव आलं. "तिथंच पायरीवर बसले मी," आत्या म्हणाली.

तिनं मला ते नाव सांगितलं. मी इथे लिहीत नाही, तिची माणसं अजून या शहरात आहेत. ते पोलिसांना कळलं का, खरं काय झालं होतं, याचं उत्तर आत्याकडे नाही, आणि तिला त्याची ओढही उरलेली नाही. मला मात्र त्या रात्री लाज वाटत असतानासुद्धा तेच जाणून घ्यायचं होतं. कुणी ढकललं का? हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. गोष्टीची चटक अशी असते. मी तो गिळला, पण तो आला होता हे नोंदवून ठेवते.

यानंतर खुनाच्या कादंबऱ्या वाचायच्या सोडल्या का, असं मैत्रिणीनं विचारलं. नाही सोडल्या. उलट जास्त वाचते. चांगल्या लेखकांच्या हातात हा प्रकार मेलेल्या माणसाकडे इतक्या बारकाईनं बघतो, की तसं बघणं बाकीच्या कादंबऱ्यांना क्वचितच जमतं. तो शेवटचा काय जेवला, खिशात काय होतं, कोणाला फोन लावायचा राहिला, हे सगळं कुणीतरी थांबून विचारत असतं. घाई करतं ते वाचणारं, आणि घाईला चटावलेले प्रकाशक. आता कुणी सुचवायला सांगितलं तर मी पुस्तक हातात घेऊन आधी एक गोष्ट तपासते. मेलेल्या माणसाचं नाव शंभराव्या पानावर येतं का? दोनशेव्या पानावर? कुणी त्याच्यासाठी रडतं का, की नुसता तपासच होतो? चार पुस्तकं मी कपाटातून काढून टाकली. पाचवं, ज्याच्यापासून हे सुरू झालं ते, ठेवलं आहे. पाचही मुलींची नावं आतल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवली आहेत.

शाखेत माझ्या शेजारी बसणारे सर अक्कलकोटचे. घरी कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे बोलतात कन्नड पण वाचता येत नाही. त्यांना मी विवेक शानभाग यांच्या 'घाचर घोचर'बद्दल सांगितलं. मूळ कन्नड 2013 सालचं, श्रीनाथ पेरूर यांनी इंग्रजीत आणलेलं. या कादंबरीत खुनी शोधणारा कोणी नाही. एका अचानक श्रीमंत झालेल्या कुटुंबाच्या दाराशी एक बाई मसूरची आमटी घेऊन येते आणि घरातल्या बायका तिला शिव्या देऊन हाकलतात, एवढा एक प्रसंग मी त्यांना सांगितला. पुढे काय होतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढे जे होतं ते होतंच, पण ती बाई कोण होती याचा विचार करत वाचा. आठवड्यानं आले तेव्हा म्हणाले, मॅडम, आमच्या घरात असंच बोलतात हो. एवढंच. मग बराच वेळ नुसतेच नोटा मोजत बसले.

मेच्या अखेरीला डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली. मी आत्यासाठी देविदास सौदागर यांची 'उसवण' नेली होती. तुळजापूरच्या या लेखकानं स्वतः शिलाईकाम केलेलं आहे, या कादंबरीला 2024 सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांनी ज्याचं मशीन बंद पाडत आणलं त्या शिंप्याची गोष्ट. आत्यानं दोन दिवसांत वाचली. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गिरणीत होते, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा बंद झाल्यावर ते काही वर्षं घरीच बसून होते, त्यामुळे ती त्यावर काय बोलेल याची मला धास्ती होती. ती म्हणाली, "यात मारलं कुणी नाही, पण मरायला लागलंय माणूस." आणि चटणी कुटायला उठली. खलबत्त्यात शेंगदाणे, लसूण, तिखट. तेल सुटेपर्यंत ती कुटत राहिली. मी उंबऱ्यावर बसून बघत होते.

गेल्या आठवड्यात ती एकटी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन आली आणि एक मराठी रहस्यकादंबरी माझ्या हातात ठेवली. "ही वाच. चांगली आहे." दुसरं काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत पुस्तक सुचवायची पाळी पहिल्यांदाच तिच्यावर आली होती. दुपारी डबा खाताना उघडली तर आतून एक कागद पडला. थेंबांचा तक्ता. मागच्या कोऱ्या बाजूला आत्याच्या मोठ्या, थोड्या वाकड्या अक्षरांत एका बाईचं नाव लिहिलेलं. माझा हातातला घास तसाच राहिला. लायब्ररीच्या टेबलापाशी उभं राहून रडकुंडीला आलेली मी क्षणभर पुन्हा तिथे पोचले. सांगून टाकलं की हिनं, मनात आलं. पुस्तक मिटून ठेवलं, बँकेचं काम उरकलं, घरी आले.

रात्री वाचायला घेतली. सदतिसाव्या पानावर ते नाव आलं. विहिरीत सापडलेल्या मुलीचं होतं.